‘फुल मेटल टाका, विषय संपला’ म्हणे! बॉल जॉइंटचा विषय असा संपत नाही

ऑफरोड गाड्यांच्या बॉल जॉइंटबद्दलचा (चाकाला सस्पेन्शनशी किंवा एक्सलशी जोडणारा, वाटीत गोळा फिरणारा सांधा) एक मेसेज बरेच दिवस फिरतोय, तुमच्याकडेही आलाच असेल. त्यात दावे असे: कंपनीचे सील्ड (बंद, ग्रीस भरता न येणारे) जॉइंट आतून प्लास्टिकचे असतात, ते फेका आणि ग्रीस निपलवाले (ग्रीस भरायची तोटी असलेले) फुल मेटल टाका. लाइफटाइम वॉरंटी दिसली की डोळे झाकून घ्या. सगळा भार खालच्या जॉइंटवर असतो, वरच्याला हात लावायची गरज नाही. गाडी लिफ्ट केली (सस्पेन्शन बदलून उंच केली) की कुठल्याही गाडीला हेवी ड्यूटी जॉइंट लागतातच. आणि बसवायला काय, हातोडा नि इम्पॅक्ट गन असली की झालं. लिहिणाऱ्याने इतकं ठासून लिहिलंय की वाचणाऱ्याला पटतंच, पण यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाहीये.

आधी ते प्लास्टिक बघू. सील्ड जॉइंटमध्ये गोळा स्टीलचाच असतो, बाहेरचं घर पण स्टीलचं, मधली वाटी तेवढी पॉलिमरची असते, बऱ्याचदा अॅसिटलची, जे चिवट आणि गुळगुळीत असतं. गोळा त्यात मुद्दाम घट्ट दाबून बसवलेला असतो त्यामुळे प्ले (ढिला खेळ) नसतो, स्टिअरिंग हलकं राहतं आणि वळणानंतर आपोआप सरळ येतं. फुल मेटलमध्ये धातूवर धातू फिरतो आणि मध्ये फक्त ग्रीसचा थर, तो संपला की करकर सुरू आणि झीज पण सुरू. नवा मेटल जॉइंट एवढा आवळ असतो की कित्येकांना वाटतं स्टिअरिंगमध्येच काहीतरी बिघाड झाला. आता मेटलचा फायदा नाहीच का, तर आहे. मोठे जड टायर, बाहेर आलेले रिम आणि दगडांवरचे दणके हे रोजचंच असेल तर पॉलिमरची वाटी दबून लवकर सैल होते, तिथे चांगला मेटल जॉइंट जास्त टिकतो. पण अट एकच, नियमित ग्रीस. ज्या माणसाची ग्रीस गन गॅरेजच्या कोपऱ्यात धूळ खात पडलीये त्याने सील्डच घ्यावा, तो त्याला जास्त साथ देईल.

मुळात जॉइंट मरतो तो बहुतेक वेळा रबरी बूट (जॉइंटवरचं आवरण) फाटून आत चिखल-पाणी गेल्यामुळे. गोळ्याचा पृष्ठभाग किती नाजूक मामला आहे बघा, २००५ साली टोयोटाने टॅकोमा, टुंड्रा वगैरे गाड्या पुढच्या खालच्या बॉल जॉइंटसाठी परत बोलावल्या होत्या, कारण काय तर बनवताना आतल्या भागावर ओरखडे पडले असण्याची शक्यता. ओरखड्यांनी ही गत, तर वाळूने काय होईल! म्हणून विकत घेताना बूट आधी बघा: रबर जाड आहे का, वर-खाली रिंगने नीट धरलंय का, बूट सुटा मिळतो का. निपलवाला असेल तर पाण्यातून गाडी काढल्यावर ग्रीस भरायचं, हळूहळू, आणि बूट फुगायला लागला की थांबायचं. पंप मारत राहिलात तर बूट फाटतो आणि मग निपल असून नसल्यासारखं. अजून एक, आत कुठलं ग्रीस आहे ते माहीत नसताना वरून दुसरंच भरू नका, लिथियम आणि पॉलियुरियावाली ग्रीस बऱ्याचदा एकमेकांत मिसळली की पातळ होऊन वाहून जातात.

लाइफटाइम वॉरंटीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. मिळतो तो फुकट पार्ट, खोलाखोलीची मजुरी आणि अलाइनमेंट तुमच्या खिशातून, आणि बऱ्याच वॉरंट्यांमध्ये ऑफरोड वापर वगळलेलाच असतो, बारीक अक्षरं वाचा. शिवाय प्रेस करून बसणारा जॉइंट दर वेळी काढ-घाल केला की तो बसतो ते भोक थोडं थोडं सैल होत जातं. मग बाहेरून दातेवाला, किंचित मोठा जॉइंट लावावा लागतो. तो पहिल्यांदाच ‘जास्त घट्ट बसेल’ म्हणून लावू नका, तो भोक कायमचं मोठं करून ठेवतो.

आता ‘भार खालच्यावरच’. अहो, भार कोणावर ते स्प्रिंग कुठे टेकलीये त्यावर ठरतं! डबल विशबोनमध्ये (चाकाला वर-खाली दोन आर्म असलेलं सस्पेन्शन) स्प्रिंग खालच्या आर्मवर असेल तर भार खालच्या जॉइंटवर, वरच्या आर्मवर असेल तर वरच्यावर. मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला उभा खांब) असेल तर वजन स्ट्रटमधून वर जातं, खालचा जॉइंट फक्त चाकाला जागेवर धरतो. सॉलिड एक्सलवाल्या (दोन्ही चाकं एकाच अखंड एक्सलवर असलेल्या) बऱ्याच जीपमध्ये भार खालच्यावर असतो हे खरं, पण तिथेही वरचा सैल झाला की चाक वरून डुलतं, टायर एका बाजूने खातो आणि स्टिअरिंग थरथरायला लागतं. आणि तिथे एक जॉइंट बदलायचा तरी अख्खं नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) खाली काढावंच लागतं, मग वरचा जुना ठेवून काय मिळवलं?

तपासायची पद्धत पण यावरच ठरते, आणि इथेच मेकॅनिकसुद्धा फसतात. स्प्रिंग खालच्या आर्मवर असेल तर जॅक त्याच आर्मखाली, चाकाच्या जमेल तितका जवळ लावायचा. चॅसिसखाली लावलात तर स्प्रिंगच्या दाबाने जॉइंट ताणलेला राहतो आणि खेळ दिसतच नाही. मग टायरखाली पहार घालून वर उचलायचं आणि दुसऱ्याने जॉइंटवर बोट ठेवून बघायचं. चाक वरून आणि खालून धरून हलवल्यावर खेळ वाटला तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा, खेळ गेला तर दोष बेअरिंगचा, राहिला तर जॉइंटचा. किती खेळ चालतो तो आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो, काही गाड्यांत तो शून्य असतो.

लिफ्टचं म्हणाल तर सॉलिड एक्सलमध्ये लिफ्टने बॉल जॉइंटचा कोन बदलतच नाही, दोन्ही जॉइंट एक्सलवरच असतात, बदलतो तो कॅस्टर (बाजूने बघितल्यावर चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा कल). तिथे जॉइंटला मारतात ते मोठे टायर आणि बाहेर काढलेले रिम. इंडिपेंडंटमध्ये (प्रत्येक चाक वेगळं हलतं अशा सस्पेन्शनमध्ये) मात्र आर्म खाली झुकतात आणि वरचा जॉइंट चाक लटकल्यावर शेवटच्या कोनाला जाऊन अडकतो. अशा वेळी जाड जॉइंट घेऊन काहीही होत नाही, त्या कोनासाठी बनवलेला वरचा आर्मच लागतो.

बसवताना हातोडा जॉइंटच्या घरावर मारलात तर नवाकोरा जॉइंट तिथेच खराब, सी-प्रेस (C आकाराचा, स्क्रूने दाबणारा प्रेस) वापरा. स्टडचा (जॉइंटच्या दांडीचा) टेपर, म्हणजे निमुळता भाग, आणि भोक दोन्ही पुसून कोरडं करा, ग्रीस नको. नट टॉर्क रेंचनेच आवळायचा, आणि स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट थोडा पुढे आवळायचा, मागे कधीच नाही. निपल कुठल्या दिशेला येतंय तेही आधीच बघा, काही एक्सलवर खालच्याचं निपल एक्सलच्या क्रॉसला (यू-जॉइंटला) घासतं. आणि वरच्या जॉइंटला कॅम्बरची (चाकाचा आत-बाहेर कल ठरवणारी) तिरकी स्लीव्ह असेल तर काढायच्या आधी तिच्यावर खूण करून ठेवा, नाहीतर जॉइंट नवे आणि टायर मात्र आधीपेक्षा जास्त खातोय अशी गंमत होते.