काका, जरा बाजूला

परवा माझ्या गळाला आजवरचा सर्वांत मोठा मासा लागला आणि त्याचं चित्रण झालं नाही. झालं ते एका गृहस्थांच्या पोटाचं. निळ्या टी-शर्टातलं, श्वासागणिक पुढे-मागे होणारं, फोर-केमधलं पोट. बेंबीच्या जरा वर टी-शर्टाची शिवण उसवली आहे, तिचा दोरा न् दोरा दिसतो. मासा दिसत नाही.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सुट्टीच्या पहाटे मी तळ्यावर गळ टाकून बसतो आणि बसलेल्या मला मीच कॅमेऱ्यात घेतो. एक कॅमेरा बाजूला ट्रायपॉडवर, दुसरा छोटा छातीवर पट्ट्याने बांधलेला. का घेतो, ते विचारू नका. त्या गृहस्थांनी विचारलंय, तेवढं पुरे झालं.

हे काम दिसतं तितकं निवांत नसतं. धुक्यातून एक माणूस पाठमोरा, खांद्यावर रॉड टाकून, एकटाच पाण्याकडे चालत जातो, असं दृश्य तुम्ही कधी पाहिलं असेल. किती शांत, किती एकाकी! तो माणूस त्यानंतर कॅमेरा न्यायला परत येतो. परत येताना त्याचा चेहरा कसा असतो हे कोणी दाखवत नाही. कारण चालताना त्याच्या लक्षात आलेलं असतं की पिशवीची चेन उघडीच होती, म्हणजे पुन्हा जायचं, पुन्हा एकाकी व्हायचं आणि पुन्हा परत यायचं. तोवर धुकं संपतं.

शिवाय कॅमेऱ्याचे स्वतःचे कायदे असतात. माझा जुना कॅमेरा एका दमात २९ मिनिटं ५९ सेकंद चालायचा आणि मग न सांगता थांबायचा. मला वाटायचं, बिघडलाय. बिघडला नव्हता. सलग अर्धा तास चित्रण करणारं यंत्र युरोपात व्हिडिओ कॅमेरा धरलं जाई आणि त्यावर जादा जकात बसे; म्हणून बऱ्याच कंपन्यांनी एक सेकंद आधीच गाशा गुंडाळायची सोय करून ठेवली होती. म्हणजे कुठल्यातरी दूरच्या बंदरावरच्या कारकुनासाठी माझं यंत्र ऐन मोक्याला डोळे मिटत होतं. मासे मात्र तिसाव्या मिनिटाला हमखास लागत. त्यांना जकातीचे नियम पाठ असावेत.

तर, परवा. नवा कॅमेरा, जकातीचा प्रश्न नाही, वारा पडलेला, फ्लोट पाण्यावर निश्चल. आणि मागून आवाज आला.

"चालू आहे का?"

मान न वळवता मी म्हटलं, "हो."

"काय चालू आहे?"

"कॅमेरा."

"आणि मासे?"

"तेही चालू आहे."

"म्हणजे माशांचं शूटिंग."

"नाही. माझं."

आता मी वळून पाहिलं. सकाळच्या फेरफटक्याला निघालेले एक काका, हात पाठीमागे बांधलेले, पांढरेशुभ्र बूट. त्यांनी मला वरून खाली न्याहाळलं. चिखलाने भरलेली पँट, छातीवरचा पट्टा, बोटाला लागलेलं गांडूळ, सगळं सावकाश पाहून झालं. मग म्हणाले, "तुमचं?"

एवढंच. त्या एका शब्दात जो निखळ, निर्मळ अविश्वास होता तो माझ्या सासऱ्यांनाही आजवर साधलेला नाही.

मग त्यांचं लक्ष माइकवरच्या केसाळ टोपीकडे गेलं. "हे काय? उंदीर मेलाय का?"

"वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून असते ती."

"वारा कुठाय?"

वारा खरंच नव्हता. काका वाकले आणि त्यांनी माइकवर जोरात फुंकर मारली. "आता?"

ती फुंकर रेकॉर्डिंगमध्ये औषधालाही ऐकू येत नाही. टोपी उत्तम आहे. तिच्या कृपेने काकांचं पुढचं सगळं बोलणं मात्र आकाशवाणीच्या दर्जाचं उतरलंय.

"किती मिळाले?"

"अजून एकही नाही."

"आणि शूटिंग केव्हापासून चालू आहे?"

"उजाडल्यापासून."

"म्हणजे न मिळाल्याचं शूटिंग झालंय." त्यांनी हिशेब मांडला. "अहो, मग मासा लागल्यावर चालू करायचं ना! तोवर कशाला बॅटरी जाळता?"

मी शांतपणे समजावलं की मासा कधी लागणार हे आधी कळत नाही आणि लागल्यावर बटण दाबायला हात मोकळा नसतो. काका म्हणाले, "मग असं बटण पाहिजे की मासा लागल्यावर दाबलं की आधीचंही आलं पाहिजे."

मला हसू आलं. मग हसू गेलं, कारण अशी सोय खरोखर असते. काही छोट्या कॅमेऱ्यांत बटण दाबण्याआधीची पंधरा किंवा तीस सेकंदं राखून ठेवता येतात. कॅमेरा सतत पाहत राहतो, जुनं पुसत राहतो आणि तुम्ही बटण दाबलं की मागचा तुकडाही पदरात टाकतो. बॅटरी खातो, पण देतो. माझ्या छातीवरच्या कॅमेऱ्यात ती सोय होती आणि मी ती चालूही ठेवली होती. त्यातच पहाटेची थंडी. लिथियमची बॅटरी थंडीत अशीही लवकर मान टाकते. इथे तिला दोन्हींचा मार बसला आणि ती काका येण्यापूर्वीच गतप्राण झाली. हे मी काकांना सांगितलं नाही. एखाद्या अनोळखी माणसाने चालता चालता जे शोधून काढलं ते माझ्या छातीवर आधीच मरून पडलंय, हे सांगायला वेगळं धैर्य लागतं.

"पण मला एक सांगा," काका आता माझ्या खोक्यावर बसले होते. खोक्यात लेन्स होती. "हे बघतं कोण?"

आता, हा प्रश्न मला अनेकांनी विचारलाय आणि दर वेळी मी हसून वेळ मारून नेतो. पण खरं सांगू? चीड येते. काका रोज या तळ्याला फेऱ्या मारतात. जिथून निघतात तिथेच येऊन पोहोचतात. मी कधी विचारलं का, की एवढं चालून गेलात कुठे? कोणी सतार शिकतं, कोणी कुंडीत मिरच्या लावतं, त्यांना कोणी असा जमाखर्च मागत नाही. आमच्याकडे मात्र आधी वजन विचारतात, मग प्रेक्षकसंख्या. व्हिडिओ नसला तर 'एवढा मोठा होता' यावर कोणाचा विश्वास बसत नाही. व्हिडिओ असला तर म्हणतात, लेन्समुळे मोठा दिसतो. यातलं दुसरं खरं आहे, हे आणखी वाईट. रुंद कोनाच्या लेन्सपुढे मासा हात लांब करून धरला की तो फुगतो आणि धरणारा मागे बारीक होतो. सगळेच धरतात तसा. पण खरा मोठा मासा धरणाऱ्याने मग काय करायचं? हात आखडून धरला तर लहान दिसतो, लांब धरला तर लबाड दिसतो.

आणि बघतात की लोक! मेव्हणा बघतो. दुप्पट वेगाने बघतो, पण बघतो.

मला अशा वेळी जुन्या लोकांचा हेवा वाटतो. बंदूक ठेवून जिम कॉर्बेटने वाघांचं चित्रण सुरू केलं तेव्हा त्याच्या कॅमेऱ्याची घरघर वाघांना ऐकू जाई. त्यावर त्याने एका ओढ्याला छोटे छोटे बांध घातले, चिमुकले धबधबे तयार केले आणि त्या खळखळाटात कॅमेऱ्याचा आवाज लपवला. केवढी ही चिकाटी! पण त्याला लपवायचा होता तो यंत्राचा आवाज. काकांसाठी किती मोठा धबधबा लागेल याचं गणित मी तिथे बसून करत होतो. इंग्लंडातल्या कीर्टन बंधूंनी १९०० साली पक्ष्यांचे फोटो घेण्यासाठी बैलाचं कातडं चढवलेला एक पोकळ सांगाडा करून घेतला होता. कॅमेरा घेऊन त्या बैलाच्या पोटात उभं राहायचं. लोक या गोष्टीला हसतात. मला ती आता फार समंजस वाटते. बैलापाशी येऊन कोणी 'हे बघतं कोण' म्हणत नाही.

"काका, जरा हळू. मासे बुजतात," मी शेवटी म्हटलं.

"छे! पाण्यात बाहेरचं ऐकू जात नाही."

हेही खरं निघालं. घरी येऊन खात्री केली. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून जवळजवळ सगळाच परत फिरतो, त्यामुळे काठावर गप्पा मारल्याने माशांचं फारसं काही बिघडत नाही. काठावर पाय आपटला तर मात्र तो हादरा जमिनीतून पाण्यात जातो आणि माशाच्या दोन्ही कुशींवर जी पार्श्वरेषा असते तिला तो बरोबर जाणवतो. काका हे सगळं बोलत होते ते त्या पांढऱ्या बुटांनी ताल धरून. म्हणजे तोंडाला दोष देता येईना आणि ज्याला देता आला असता ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

"तुम्ही असं करा," काका उठले. "तुम्ही मासे बघा. हे मी बघतो."

"नको काका, तो चालूच आहे, हात लावू न—"

"लाल बटण ना? कळतं हो. नातवाचा आहे असाच."

आणि त्यांनी लाल बटण दाबलं. चालू असलेल्या कॅमेऱ्याचं लाल बटण दाबल्यावर काय होतं ते सुज्ञांना सांगायला नको. मला वळून बघायचं होतं. पण नेमका तेव्हाच फ्लोट हलला.

आधी नुसता शहारला. मग आडवा पडला, दोन बोटं सरकला, पुन्हा उभा राहिला आणि एकदम दिसेनासा झाला. मी हिसका दिला. पलीकडून जो हिसका आला तो माझ्यापेक्षा जोरदार होता. रीळ किंचाळायला लागलं. तंगूस, म्हणजे गळाची दोरी, पाणी चिरत डावीकडे गेला, त्याच्यामागे पाण्यावर एक बारीक पांढरी रेघ उठत गेली. रॉड मुठीपर्यंत वाकला. मागून काका ओरडत होते, "घेतोय! घेतोय! सोडू नका!" मी थोडं ओढायचो, थोडं सोडायचो, पुन्हा ओढायचो. शेवटी काठापासून हाकेवर तो वर आला. फक्त एकदा. कूस वळवली तेव्हा खवले दिसले, एकेक नाण्याएवढा, कडांना पिवळट झाक असलेला. शेपटीचा फटकारा बसला, पाणी तोंडावर उडालं.

"जरा इकडे तोंड करा!" काका म्हणाले. "हसा!"

मी वळलो नाही, शपथेवर सांगतो. पण दचकलो. तंगूस सैल झाला, गळ रिकामा वर आला. टोकाला अर्धं गांडूळ तेवढं होतं.

"गेला," काका म्हणाले. मग खांद्यावर हात ठेवून, "काळजी करू नका, सगळं घेतलंय," आणि त्यांनी 'बंद करायला' लाल बटण पुन्हा दाबलं. तिथून कॅमेरा पुन्हा सुरू होतो. 'सगळं घेतलंय' ऐकू येत नाही, पण त्यानंतरचं सगळं आहे. पोट आहे, बूट आहेत, आकाशाचा एक तिरका तुकडा आहे.

आणि साक्ष आहे. फेरीला आलेले आणखी दोघे थांबले आणि काय झालं म्हणून विचारू लागले. जगात त्या माशाला पाहिलेला माझ्याखेरीज एकच माणूस होता. काकांनी उजव्या हाताचा पंजा पुढे केला, डाव्या हाताची बोटं मनगटावर टेकवली आणि म्हणाले, "एवढा असेल. पण हे फार घाबरले."

पंजाएवढा! फ्रेममध्ये तो पंजाही स्पष्ट आलाय. मी 'अहो काका' म्हणतोय तेही आहे, पण माझा आवाज लांबून येतो, लाचार वाटतो.

घरी बायकोने सगळं बसून पाहिलं. माझं चित्रण ती एवढं मन लावून कधीच बघत नाही. 'उंदीर मेलाय का' ला हसली, 'न मिळाल्याचं शूटिंग' ला मागे नेऊन पुन्हा हसली. शेवटी म्हणाली, "कोण रे हे? छान बोलतात. यांना घेऊन करत जा ना." मेव्हण्याने तर यावेळी नेहमीच्या वेगाने पाहिलं म्हणे.

निघताना काकांनी माझा नंबर घेतला होता. तेव्हापासून रोज सकाळी फुलांचं चित्र आणि खाली चौकशी येते: एडिटिंग झालं का, माझा भाग कापू नका, मासा निसटतानाचं स्लो मोशनमध्ये टाका. मासा निसटतानाचं त्यांच्याच अंगठ्याने पुसलंय हे मी त्यांना दोनदा लिहिलं. त्यावर 'असं कसं होईल, लाल दिवा नव्हता म्हणून तर मी बटण दाबलं' असं उत्तर आलं. लाल दिवा माशांना दिसू नये म्हणून मीच त्यावर काळी पट्टी चिकटवलेली असते. आता हे कोणत्या तोंडाने लिहू?

काल विचारलं, पुन्हा कधी जाताय? खोटं बोलणं जिवावर आलं, पण इलाज नव्हता. लिहिलं, रविवारी, साडेसातला.

लगेच उत्तर आलं: "साडेसातला मासे कुठले? पाचला जाऊ. चार्जर मी आणतो."