गाडीखालचा गिऱ्हाईक

हिवाळाभर मोटरहोममध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहायचा बेत माणूस बहुधा उन्हाळ्यात करतो. उकाड्यानं जीव नकोसा झालेला असतो, त्यामुळे ‘उणे १५’ हा आकडा त्याला फारच मोहक वाटतो. गाडी निवडायला निघालं की मग तोच आकडा कागदावर भेटतो.

विक्रेता पहिल्यांदा भिंतीवर टिचकी मारतो. मग आपणही मारायची. कलिंगड घेताना कमावलेला सगळा अनुभव इथे कामी येतो आणि कळत काहीच नाही. खरं तर भिंतीत बरा फोम असतोच. थंडीलाही ते ठाऊक असतं, म्हणून ती भिंतीच्या वाटेला जात नाही. ती ड्रायव्हरसमोरच्या काचेतून येते. राहत्या भागाच्या खिडक्या दुपदरी ॲक्रिलिकच्या, आणि पुढची ही अवाढव्य काच एकपदरी! तिला आतून जाड पडदा लावला तर काच आणखी गार पडते आणि पडद्यामागे पाण्याचे ओघळ सुरू होतात. म्हणून आवरण बाहेरून चढवायचं. थोडक्यात, थंडी वाजू नये म्हणून रोज रात्री थंडीत जायचं.

‘हिवाळ्यासाठी सज्ज’ असं स्टिकर कोणीही चिकटवू शकतो. त्यापेक्षा ईएन १६४६-१ या युरोपीय मानकातली श्रेणी विचारावी. तिसरी श्रेणी सगळ्यात वरची. बाहेर उणे १५ अंश असताना गाडीच्या आत ४ तासांत २० अंश व्हायला हवेत, आणि मग पाण्याची व्यवस्थाही चालायला हवी. मी हे बायकोला अभिमानानं वाचून दाखवलं.

“आणि ते चार तास आपण कुठे बसायचं?” ती म्हणाली.

“मॅडम, ती नुसती चाचणी असते,” विक्रेता मध्ये पडला.

“आम्ही तरी दुसरं काय करणार आहोत?”

माझा स्वतःचा भर मात्र सांडपाण्याच्या टाकीवर आहे. इतर गिऱ्हाइकं आत शिरून गादी दाबून बघतात. मी गाडीखाली शिरतो. टाकी उघड्यावर लोंबकळत असेल, तर कडाक्याच्या थंडीत तिचा बर्फ होतो आणि भांडी घासलेलं पाणी बेसिनमध्येच मुक्कामाला राहतं. दुहेरी तळ असेल तर टाक्या त्या दोन तळांमध्ये, गरम हवेत असतात. विक्रेते बिचारे माझ्या बाहेर राहिलेल्या पायांशी अदबीनं बोलतात. एकानं त्या पायांना सांगितलं, “काळजी नको, बॉयलरला सुरक्षा झडप आहे.” झडप आहे हे खरं. तापमान ३ अंशांच्या आसपास उतरलं की ती आपोआप उघडते आणि बॉयलरमधलं पाणी सोडून देते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, त्यामुळे बॉयलर फुटण्यापेक्षा हे बरं. बॉयलर वाचतो, अंघोळ जाते.

गॅसचेही नखरे आहेत. तापमान शून्याच्या जरा खाली गेलं की ब्युटेन वायू व्हायला नकार देतो: सिलिंडर भरलेला, शेगडी ढिम्म. प्रोपेन उणे ४२ पर्यंत दम धरतो, म्हणून तोच घ्यायचा. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नसते, तेव्हा तिला आत उबेत जागा हवी. एव्हाना आपण माणसांसाठी गाडी घेतोय की बॅटरीसाठी, असा प्रश्न पडायला लागतो.

सगळ्या फटी हेरून दमलो, तेव्हा एका विक्रेत्यानं तळाला मुद्दाम ठेवलेलं भोक दाखवलं. “हे बुजवायचं नाही हं.” प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, गळलाच तर खाली साचतो, त्याला वाट हवी. छताचा झरोकाही उघडाच, कारण दोन माणसांचा रात्रभरचा श्वास सकाळी खिडक्यांवर पाणी होऊन बसतो. म्हणजे लाखमोलाची ऊब विकत घ्यायची आणि थोडी थोडी बाहेर सोडत राहायची.

शेवटी वजन. बऱ्याच देशांत साध्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते, आणि दुहेरी तळ, मोठी हीटिंग, जाड काचा यांतच त्यातला बराच भाग संपतो. विक्रेत्यानं दोन सिलिंडर, पाणी आणि आम्ही दोघं असा हिशेब मांडला. उरलेला आकडा बघून तो म्हणाला, “रजया नक्की मावतील.”

“एवढी गरम गाडी घेऊन वर रजया कशाला?” बायकोनं विचारलं.

तो उत्तरासाठी माझ्याकडे वळला. मी तोवर पुढच्या गाडीखाली गेलो होतो.