मॉर्फिनची गोळी ‘वाचवून’ ठेवू नका

‘सावधान! कॅन्सरच्या पेशंटना अफूची गोळी देतात. याच गोळीने अमेरिकेत लाखो मेले. घरात सापडली तर नार्कोटिक्सचा गुन्हा. एकदा सुरू झाली की शेवट जवळ. अगदी सहन होईना तेव्हाच द्या, नाहीतर व्यसन लागेल.’ हा मेसेज आत्याच्या घरी पोचला आणि कॅन्सर झालेल्या काकांची मॉर्फिनची, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या वेदनाशामकाची, दुपारची गोळी वाचवून ठेवणं सुरू झालं.

शेवटचं वाक्य सगळ्यांत घातक. मॉर्फिनची साधी १० मिग्रॅची गोळी तोंडाने घेतल्यावर तिचा असर चारेक तास टिकतो. म्हणून ती घड्याळाने द्यायची: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १० ची बहुधा दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. कळ पुरती चढेपर्यंत थांबलात तर ती आवरायला जास्त औषध लागतं. पेशंट घड्याळाकडे डोळे लावून ‘गोळी दे’ म्हणत बसतो आणि घरचे म्हणतात, बघा, लागलं व्यसन! मधेच कळ आली तर जादा डोस असतो, दिवसाच्या एकूण मात्रेचा एक षष्ठांश. ६० मिग्रॅ चालू असेल तर १०.

जपायचं वेगळ्याच गोष्टींना. मळमळ बहुधा आठवड्याभरात जाते, पण बद्धकोष्ठता जात नाही. पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध सोबत हवंच. किडनी अधू असेल तर औषध अंगात साठतं, मात्रा डॉक्टरांनी कमी करावी लागते. हाक मारून जाग येईना, श्वास मिनिटाला ८ च्या खाली, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, असं दिसलं तर तडक हॉस्पिटल. आणि मनानेच एकदम बंद करू नका. घाम, जुलाब, पोटात कळा सुरू होतात. शरीराला झालेली ही सवय, व्यसन नव्हे.

‘शेवट जवळ’? काहीही. मात्रा दुखण्यावर ठरते, उरलेल्या दिवसांवर नाही.

अमेरिकेचं अर्धं खरं आहे, मान्य. १९९६ मध्ये आलेली ऑक्सिकॉन्टिन ही मॉर्फिनच्याच जातीची, पण वेगळी गोळी व्यसनाचा धोका कमी असल्याचं सांगून खपवली गेली. ती बनवणाऱ्या पर्ड्यू कंपनीने २००७ आणि २०२० मध्ये गुन्हा कबूल केला. पण अलीकडच्या मृत्यूंमागे मुख्यतः बेकायदा फेंटानिल आहे, त्याच जातीचं पण कितीतरी जास्त जोरकस औषध. शिवाय तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या अशा औषधांबद्दलच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतून कॅन्सरचे उपचार, पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारातला त्रास कमी करणारी शुश्रूषा) आणि अखेरची शुश्रूषा स्पष्टपणे वगळली होती. तरी त्यातला दिवसाला ९० मिग्रॅ मॉर्फिनइतक्या मात्रेचा आकडा कायद्यासारखा वाचून डॉक्टरांनी लोकांच्या गोळ्या तोडल्या. शेवटी २०२२ मध्ये सीडीसीला सूचना बदलाव्या लागल्या.

आपल्याकडे तर उलटच झालं. १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांवरचा कायदा आला आणि १९९७ पर्यंत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरला सरकारी परवान्याने अफू पिकते आणि पेशंट इथे तळमळतात! कारण मॉर्फिन ठेवायला हॉस्पिटलला लागणारे परवाने: वेगवेगळ्या खात्यांचे, एक हाती येईतो दुसरा संपलेला. २०१४ च्या दुरुस्तीने तो घोळ काढला. आता हॉस्पिटलला मान्यता राज्याचा औषध नियंत्रक देतो, महाराष्ट्रात एफडीए (अन्न व औषध प्रशासन).

राहिला गुन्हा. त्याच कायद्याच्या कलम ८ मध्ये वैद्यकीय वापराला सूट आहे. साठ्याचा हिशेब हॉस्पिटलने ठेवायचा. तुम्ही चिठ्ठीची प्रत गोळ्यांसोबत ठेवा, डबा कुलपात ठेवा, उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याच्या गुडघेदुखीला न देता हॉस्पिटलला परत करा. आणि दुपारी दोनची गोळी दोनलाच द्या.