एकदा घातला की धुवायला? सगळेच कपडे?

एकदा अंगावर चढवलेला कपडा धुतल्याशिवाय परत घालायचाच नाही हा नियम आपल्या फ्लॅटमधल्या घरांमध्ये इतका पक्का होऊन बसलाय की त्याविरुद्ध बोललं की लोकांची नजरच बदलते. परवा सोसायटीच्या ग्रुपवर यावरून चांगलीच जुंपली, एका ताईंनी लिहिलं की जीन्स आठवडाभर न धुता घालणारी माणसं मुळात अस्वच्छच, आणि त्याखाली अंगठ्यांची नुसती रांग लागली. तिथे चार ओळींत लिहून भागणार नव्हतं म्हणून इथे सविस्तर लिहितेय. माझं म्हणणं एवढंच आहे की कपडा किती वेळा घातला हे मोजून काही कळत नाही, त्याला काय लागलंय, तो कुठे घातला होता आणि कशाचा आहे हे बघावं लागतं. आणि तसं बघायला लागलं की लक्षात येतं, आपण जे कपडे रोज धुतो त्यातल्या बऱ्याच कपड्यांना गरज नसते आणि ज्यांना खरंच गरज असते त्यांच्याकडे आपलं लक्षच नसतं.

माझं माहेर लातूरचं आणि सासर डोंबिवलीचं, त्यामुळे दोन्हीकडचं धुणं मी केलेलं आहे. लातूरचं पाणी म्हटलं की सगळ्यांना २०१६ आठवतं. मांजरा धरण कोरडं पडलेलं, मार्चमध्ये टाक्यांजवळ गर्दी होऊन भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावलेली, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, ५ लाख लिटर पाणी घेऊन. बाहेरच्यांसाठी ती बातमी होती पण तिथल्या बायांचं आयुष्य त्याच्या आधीही आणि नंतरही पाणी कधी सुटणार यावरच चालत आलंय. त्यामुळे आमच्या घरात कुठला कपडा धुवायला जाणार हे आई ठरवायची. बाबांचा शर्ट संध्याकाळी अंगातून निघाला की ती तो खिडकीशी न्यायची, कॉलर उलटी करून बघायची, काखेची शिवण बोटांनी चाचपायची, वास घ्यायची आणि मगच सांगायची की हा वलणीवर टाक, हा बादलीत. कधी तिसराच निकाल असायचा, "नुसता पाण्यातून काढ". हे पाण्यातून काढणं आता घराघरांतून नाहीसंच झालंय. घामाचं मीठ साध्या पाण्यात सहज निघून जातं, सुती कपडा असेल आणि डाग नसेल तर साबण लावायची गरजच नसते, एक तांब्या कमी की जास्त एवढ्यात काम होतं. अशा घरात वाढलेली आम्ही भावंडं कधी घामेजलेल्या कपड्यात शाळेत गेलो नाही, त्यामुळे कमी धुणं म्हणजे घाण हे समीकरण मला पटणं शक्यच नाही.

आता यातलं शास्त्र बघा, ते काही फार अवघड नाहीये. ताज्या घामाला जवळपास वासच नसतो. अंगभर जो घाम येतो तो म्हणजे बहुतेक पाणी आणि थोडं मीठ. काखेत आणि जांघेत मात्र वेगळ्या ग्रंथी असतात, त्यांच्या घामात स्निग्ध पदार्थ असतात, ते तिथले जिवाणू खातात आणि मग तो वास तयार होतो. म्हणजे काखेला चिकटून बसणारा ब्लाऊज आणि वरून सैल घातलेली ओढणी हे दोन्ही "एकदा घातलेले" कपडे असले तरी त्यांची तुलनाच होऊ शकत नाही. कापडाचंही तसंच. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये व्यायाम केलेल्या लोकांचे टी-शर्ट तपासले, तर सुतीपेक्षा पॉलिस्टरच्या टी-शर्टला जास्त उग्र वास येत होता, कारण वास निर्माण करणारे काही जिवाणू पॉलिस्टरवर चांगले वाढतात. आपल्यापैकी ज्यांच्या घरात जिमला जाणारं कोणी आहे त्यांना हे सांगायला कुठल्याही विद्यापीठाची गरज नाही, तो ड्राय फिट टी-शर्ट धुऊन वाळवून ठेवला तरी पुन्हा घातल्यावर अर्ध्या तासात जुना वास वर येतो. तो एकदा घातला की धुवाच, आणि जिमच्या बॅगेत ओला कोंबून रात्रभर ठेवू नका.

जागेचा फरक तर विचारूच नका. मे महिन्यात सकाळची डोंबिवली-सीएसएमटी लोकल करणाऱ्या माणसाचा शर्ट दुसऱ्या दिवशी घालता येतो असं मी कधीच म्हणणार नाही, घाम अंगावरच राहतो, वाळतच नाही, वर दुसऱ्यांचाही लागतो. तेच डिसेंबरात लातूरला किंवा नाशिकला बँकेत बसून काम करणाऱ्याचा शर्ट दोन दिवस आरामात जातो, आतून बनियन असेल तर नक्कीच. आणि मराठवाड्या-विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात वेगळीच गंमत असते, घाम आला आला म्हणेपर्यंत उडून जातो आणि काळ्या शर्टवर पाठीत पांढरे नकाशे उमटतात. तो शर्ट कोरडा लागतो, वासही नसतो, पण त्याला पाण्यातून काढायलाच हवं कारण ते मीठ अंगाला खाजतं आणि रंगही खातं. मग सगळ्या महाराष्ट्राला एक नियम कसा लागू होईल?

जीन्सवरून भांडण सुरू झालं म्हणून जीन्सचं बोलते. २०१४ मध्ये लेव्हाइसचे तेव्हाचे सीईओ चिप बर्ग यांनी जाहीर कार्यक्रमात सांगितलं होतं की त्यांनी अंगावरची जीन्स वर्षभर मशीनमध्ये टाकलेली नाही, डाग पडला तर तेवढाच पुसायचा. जगभर चर्चा झाली. त्याच्या आधी २०११ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात एका विद्यार्थ्याने एकच जीन्स १५ महिने न धुता घातली, मग तिच्यावरचे जिवाणू तपासले, नंतर ती धुऊन साधारण दोन आठवडे घालून परत तपासले, तर आकडे जवळपास सारखेच आले. आता कॅनडाची थंडी आणि आपला घामटा यात फरक आहे, तेव्हा मी कोणालाही १५ महिने थांबा म्हणणार नाही. पण चार-पाच वेळा घालून धुतली तर काही बिघडत नाही, पावसात चिखल उडाला किंवा मांड्यांमध्ये घाम मुरला तर तेव्हाच धुवा. उलट जुलै महिन्यात मुंबई-ठाण्याकडे जीन्स रोज धुणं हाच मोठा घोळ आहे, कारण ती दोन-दोन दिवस वाळत नाही, वरून कोरडी लागते पण कंबरपट्टी आणि खिशाची आतली कापडं दमट राहतात आणि माणसं ती तशीच चढवून ऑफिसला जातात.

आणि इथेच मला सगळ्यात जास्त कळकळीने बोलायचंय. ओलसर कपडा हा एकदा घातलेल्या कोरड्या कपड्यापेक्षा कितीतरी वाईट असतो. गेल्या दहाएक वर्षांत आपल्या देशात गजकर्णाने किती उच्छाद मांडलाय हे कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञाला विचारा. मेडिकलमधून विचारून आणलेली स्टिरॉइडवाली मलमं लावून लावून तो आणखी चिवट झालाय, नेहमीच्या औषधांना दाद देत नाही, घरात एकाला झाला की टॉवेल आणि कपड्यांमधून सगळ्यांना होतो. ही बुरशी दमट, घट्ट, हवा न लागणाऱ्या जागी वाढते, म्हणजे जांघ, कंबर, स्तनांखालची घडी. डॉक्टर काय सांगतात? आतले कपडे रोज बदला, सैल सुती घाला, ज्याला झालंय त्याचे कपडे वेगळे आणि ६० अंशाच्या आसपास गरम पाण्यात धुवा, उन्हात वाळवा, इस्त्री उलट्या बाजूने फिरवा.

आता सांगा, आपल्या घरात बायकांच्या ब्रा आणि निकर उन्हात वाळतात का? गॅलरीत पुढच्या दोरीवर नवऱ्याचे शर्ट, पोरांचे टी-शर्ट, चादरी, आणि बाईचे आतले कपडे सगळ्यात मागच्या दोरीवर टॉवेलच्या खाली, नाहीतर बाथरूमच्या दाराआड खिळ्याला. कोणी बघू नये म्हणून. म्हणजे ज्या कपड्याला उन्हाची सगळ्यात जास्त गरज असते त्यालाच आपण आयुष्यभर सावलीत आणि दमटात ठेवतो, मग खाज सुटली की ते सांगायचीही लाज, सहा महिने अंगावर काढायचं आणि मग कोणाकडून तरी मलम मागून आणायचं. मी गॅलरीत पुढच्या दोरीवर, ऊन येतं तिथे, माझे आणि लेकीचे आतले कपडे उघडे वाळत घालते. सुरुवातीला सासूबाई म्हणाल्या, "अगं, समोरचे बघतात." मी म्हटलं, "बघू देत आई, त्यांच्याही घरात हेच कपडे आहेत." त्या काही बोलल्या नाहीत, पण आता त्यांचेही तिथेच वाळतात.

ब्राचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते, थंडीत दोन दिवस चालते, आपल्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात रोज धुवा, हाताने, दोन मिनिटं लागतात. मोजे रोज. बनियन रोज. टॉवेल तीन-चार वेळा वापरला की धुवा आणि दर वेळी पसरून वाळवा, बाथरूममध्ये गोळा करून टांगू नका. उशीचा अभ्रा आठवड्याला, केसांना तेल लावून झोपत असाल तर आधीच. स्कूटरवर तोंडाला गुंडाळतो तो स्कार्फ, ज्यात आपला श्वास, घाम, रस्त्याची धूळ, डिझेलचा धूर सगळं मुरतं, तो किती घरांत रोज धुतला जातो? शर्ट रोज धुणारी माणसं हेल्मेटच्या आतलं अस्तर वर्षानुवर्षं धूत नाहीत, बऱ्याच हेल्मेटचं ते बाहेर काढता येतं हेच माहीत नसतं. स्वच्छतेचा एवढा आग्रह असेल तर तो इथे दाखवा ना.

बाकी रोज दोन बादल्या धुणं काढण्याची किंमत कोण मोजतं हेही बघा. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी असं शहरांसाठी मानक धरतात, त्यातलं कपड्यांसाठी साधारण २० लिटर. घरातल्या साध्या टॉप लोड मशीनला एका फेरीला शंभर लिटरच्या आसपास लागतं, कधी जास्तच, फ्रंट लोडला साधारण निम्मं. अर्धं मशीन रिकामं असताना रोज फेरी लावणाऱ्या घरात हे गणित कुठल्या कुठे जातं. मशीन नसेल तिथे मावशी असतात. आमच्या शेजारी कामाला येणाऱ्या मावशींच्या बोटांची पेरं सोड्याने इतकी सोलवटलीयेत की त्यांना लिंबू चिरताना झोंबतं. "एकदा पाच मिनिटं घातलेला कुर्तापण टाकतात हो ताई, घडीसुद्धा मोडलेली नसते," असं त्या मला म्हणाल्या. ते ऐकून मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

कपड्याचंही वाटोळं होतं. मशीनची जाळी उघडून बघा, तो राखाडी कापूस साठलेला असतो तो काही बाहेरून आलेला मळ नसतो, ते आपले कपडेच झिजून झिजून तिथे आलेले असतात. पॉलिस्टर असेल तर तेच धागे पाण्याबरोबर नाल्यात, नाल्यातून खाडीत. समुद्रात जे प्लास्टिक मुळातच बारीक कणांच्या रूपात जातं त्यातला साधारण ३५ टक्के वाटा कृत्रिम कापड धुण्यातून येतो असा अंदाज आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१७ च्या अहवालात आहे.

काहीजण म्हणतील देवपूजेचं काय, सोवळ्याचं काय. त्याला माझा काही विरोध नाही, ज्याला धुतलेलं नेसूनच पूजा करायचीये त्याने करावी, तो श्रद्धेचा भाग आहे. हॉस्पिटलमधून आल्यावर, मयतीहून आल्यावर कपडे धुवायला टाकायचे हेही बरोबरच. तळण करून ओढणीला तेलाचा वास बसला, बाळाने ओकारी काढली, शेतात फवारणी करून आलात, तर लगेच आणि वेगळे धुवा, फवारणीचे तर इतर कपड्यांत मिसळूच नका. माझा विरोध आहे तो काहीही न बघता सगळं एका टोपलीत टाकण्याला.

अर्धवट वापरलेला कपडा ठेवायचा कुठे ही अडचण खरी आहे. पूर्वी घराघरात खुंटी आणि वलणी असायची, आता फ्लॅटमध्ये एक तर कपाट नाहीतर धुण्याची टोपली, मधली जागाच नाही, म्हणून ते ढीग खुर्चीवर पडतात. घडी करून कपाटात ठेवू नका, घामाचा ओलावा आत कोंडतो आणि बाकीच्या कपड्यांनाही वास लागतो. उलटा करून हँगरवर, पंख्याखाली किंवा खिडकीपाशी रात्रभर राहू दे, सकाळी वास घेऊन ठरवा. रेशमी साडीचंही हेच, नेसून आल्यावर सावलीत पसरून घाम वाळू द्यायचा, मग मलमलच्या कापडात. पैठणी घरी धुवायचीच नाही आणि ड्रायक्लीनलाही सारखी द्यायची नाही, तिची जरी काळी पडायला नको असेल तर अत्तर-परफ्यूम तिच्यावर मारू नका आणि अधूनमधून घडी बदला.

शेवटी शाळांबद्दल. टेरिकॉटचा युनिफॉर्म, बऱ्याच पोरांकडे दोनच जोड, काहींकडे एकच, आणि बाईंचा आग्रह की रोज स्वच्छ धुतलेला पाहिजे. मग आई तो रात्री धुते, पावसाळ्यात तो वाळत नाही, सकाळी इस्त्रीने जेमतेम कोरडा करून, कधी तर अर्धा ओलाच पोराला घालते आणि ते पोर सहा तास त्यात बसतं. लेकीच्या वर्गात कंबरेला चट्टे उठलेली पोरं आहेत. जून ते सप्टेंबर, युनिफॉर्म वाळला नसेल त्या दिवशी घरचा कुठलाही स्वच्छ कोरडा कपडा चालेल, एवढी सूट द्या असं मी पुढच्या पालकसभेत लेखी मागणार आहे. आमच्या शाळेतले जे पालक हे वाचतायत त्यांनी सही करायला तयार असाल तर कळवा, पत्र मी लिहून ठेवलंय.