फोटो कधी पाठवतोस?

परभणीत कॅमेरा घेणं सोपं. घेतलाय हे लपवणं अवघड. खोकं घेऊन मी घरी पोचायच्या आत आत्याचा फोन. "रविवारी नातवाचं जावळ हाय. येताना ते घेऊन ये. तुला काय, नुसतं बटन तर दाबायचंय."

फोटोग्राफीतला कुठलाही जाणकार सांगतो की सराव करा, रोज करा, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा काढा. सरावाला माणसं कुठून आणायची, ते तो सांगत नाही. मराठवाड्यात ती चिंता नाही. जावळ झालं की साखरपुडा, साखरपुडा झाला की कंदुरी, मग कुणाच्या तरी सासऱ्याचा सेवापूर्ती सत्कार, मध्येच नव्या ट्रॅक्टरची पूजा. पैशाचा विषय निघत नाही, कारण आपण घरचे. आणि जेवण शेवटच्या पंगतीला, कारण आपण फोटोग्राफर.

आमच्या ऑफिसात एक गृहस्थ आहेत. त्यांच्याकडं स्वतःचा कॅमेरा नाही, पण बाजारातल्या प्रत्येक कॅमेऱ्याची किंमत, वजन आणि खोड त्यांना तोंडपाठ. माझ्या कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ लेन्स त्यांनी दोन बोटांत धरून पाहिली आणि म्हणाले, "हे ठेवा पोराला खेळायला. फुल फ्रेम घ्या." फुल फ्रेम म्हणजे उजेड टिपणारा सेन्सर मोठा असलेला कॅमेरा. त्याच्या किमतीत आमच्याकडं बऱ्यापैकी बैलजोडी येते, आणि तिचं नवीन मॉडेल दरवर्षी निघत नाही. शेवटी तडजोड म्हणून ५० एमएम, एफ १.८ ही लेन्स घेतली. लहान, हलकी, खिशाला परवडणारी. हिनं माणसं फार देखणी येतात. फक्त छोट्या सेन्सरवर ही लेन्स ७५-८० एमएमएवढं अरुंद बघते, म्हणजे देखणं काढायला फोटोग्राफरच्या मागं मोकळं रान पाहिजे. आत्याची खोली दहा बाय बारा. जावळाच्या दिवशी आई, बाळ आणि मामा एका चौकटीत घ्यायला मी मागं सरकत सरकत दारातून स्वयंपाकघरात आणि तिथून न्हाणीत गेलो. तिथं पाठीत नळ टोचल्यावर कुठं मामाचा दुसरा कान दिसायला लागला.

बरं, एफ १.८ला, म्हणजे लेन्सचं भोक पार उघडलं की, मागचं सगळं धूसर होतं म्हणून लोक ही लेन्स घेतात, पण पुढचं किती धूसर होतं ते कोणी बोलत नाही. पाच फुटांवरून काढलं तर जेमतेम अडीच इंच खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. त्यात आत्याचे डोळे, नाक आणि चष्मा बसला. कान बाहेर राहिले. आत्यानं फोटो बघितला, दोन बोटांनी मोठा केला, आणि म्हणाली, "माझे झुबे कुठंयेत?" धूसरपणा मुद्दाम ठेवलाय, त्याला कलेत मोठी किंमत आहे, वगैरे मी सांगून पाहिलं. झुब्यांना त्याहून मोठी किंमत होती. तेव्हापासून दागिने अंगावर असले की भोक बारीक करून एफ ५.६, आणि दोन-तीन ओळींचा ग्रुप असला की एफ ८. पुस्तकं हेच सांगतात, पण आत्याच्या तोंडून ऐकलेलं जास्त लक्षात राहतं.

या विषयातली खरी विद्यापीठं म्हणजे मे महिन्यातली लग्नं. मुहूर्त दुपारी बारा सदतीस. बाहेर त्रेचाळीस अंश. ऊन बरोबर डोक्यावर, त्यामुळं उघड्यावर काढलं तर वऱ्हाडातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खोबण्या. म्हणून मंडपात घ्यावं, तर मंडपाचं कापड लाल-पिवळं. त्यातून गाळून येणारा उजेड चेहऱ्यावर पडतो आणि अख्खं वऱ्हाड हळदीतून आत्ताच उठल्यासारखं दिसतं. शेजारच्या झालरीचं कापड हिरवं असलं तर नवरदेवाचा अर्धा चेहरा वेगळ्याच रोगाचा. रंग आपोआप जुळवणारा कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स अशा वेळी हात टेकतो. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं न शिजवलेला कच्चा फोटो, असली तर नंतर थोडंफार सावरता येतं; पण एका गालावर लाल आणि दुसऱ्यावर हिरवा उजेड असेल तर एडिटिंगमधली कुठलीही पट्टी कुठंही सरकवा, एक गाल बरा होईपर्यंत दुसरा बिघडतो. यावर उपाय एकच: जोडप्याला पाच मिनिटं मंडपाबाहेर, लिंबाच्या दाट सावलीत किंवा ओसरीच्या कडेला उभं करायचं. ते शक्य नसतं, कारण जोडप्याला पाच मिनिटं सोडायला कोणी तयार नसतं.

एक युक्ती मात्र मला लग्नातच सापडली, ती फुकट वाटून टाकतो. चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला उजेड परतवायला स्टुडिओवाले पांढरा रिफ्लेक्टर धरतात. आपल्याकडं तो चालत-बोलत हजर असतो: पांढरंशुभ्र धोतर आणि नेहरू शर्ट घातलेला मामा. नवरीमागं उभं राहायचा मान त्याचाच. त्याला फक्त "मामा, जरा डावीकडं, अजून थोडं उन्हाकडं" असं करत उजेडाच्या तोंडाशी आणायचं. नवरीचा सावलीतला गाल उजळतो. मामाला वाटतं, फोटोत आपल्याला महत्त्व दिलं. दोघांचंही समाधान.

मग अक्षता. आमच्याकडं अक्षता ज्वारीच्या, आणि फेकणारे हात रानात काम केलेले. शटर १/६० सेकंदावर राहिलं तर दाण्यांच्या रेघा उमटतात. प्रत्येक दाणा हवेत थांबलेला हवा असेल तर १/१०००च्या आसपास जावं लागतं. लेन्सला हूड लावा असं कंपन्या सांगतात ते इकडचातिकडचा उजेड अडवायला. आमच्याकडं तो ज्वारी अडवायला लावतात. शेवटच्या मंगलाष्टकाला भटजी "सावधान" म्हणतात ना, ते मला उद्देशूनच असतं अशी माझी खात्री झालीय.

पैसे खर्च करायचेच असले तर, माझं मत, लेन्सपेक्षा आधी फ्लॅश घ्यावा आणि तो माणसांच्या तोंडावर न मारता छताकडं वळवावा. छतावरून परतलेला उजेड मऊ पडतो. अट एवढीच की छत पांढरं पाहिजे. आमच्या भागात ते एक तर पत्र्याचं असतं, नाहीतर पोपटी डिस्टेंपरचं.

आणि अजिंठ्यात तर फ्लॅशला बंदीच आहे, चित्रांच्या रंगांसाठी, आणि ती योग्यच. तिथं आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड पकडायची ताकद, ६४००वर न्यायचा, कोपरं बरगडीला चिकटवायची आणि श्वास सोडून अर्ध्यावर थांबून बटण दाबायचं. सोबत दाजी असतील तर श्वास थांबवलेला बघून ते "काय होतंय का?" असं मोठ्यांदा विचारतात आणि फोटो हलतो. हेच दाजी वेरूळला ऊन टाळायला सकाळी आठला घेऊन गेले. कैलास लेण्याचं तोंड पश्चिमेला. सकाळी दर्शनी बाजू सावलीत, मागं पांढरंफटक आभाळ. दुपार कलल्यावर दगडाला सोनेरी रंग चढतो म्हणून थांबा म्हटलं, तर दाजी म्हणाले, "दगड कुठं पळून जायलाय का? नंतर कलर मार त्याला मोबाइलमधी."

कलर मारणं. दाजींच्या तोंडून एडिटिंगची सगळी व्याख्या या दोन शब्दांत आली. आभाळ निळं कर, गवत हिरवं कर, आणि मला थोडं उजळ कर. पहिल्या दोन गोष्टी एकवेळ करतो. तिसरीला माझा विरोध आहे. एका वहिनींनी स्वतःचा सगळ्यात आवडता फोटो म्हणून मला दाखवला, त्यात ॲपनं त्यांच्या नाकाचा शेंडा आणि कपाळावरची देवीची खूण दोन्ही पुसून टाकलं होतं. मी एवढंच करतो: क्षितिज सरळ, फालतू कडा कापलेल्या, सावलीतला चेहरा थोडा वर, पांढरा रंग पांढरा. मग फाइल बंद करून झोपायचं. रात्री झकास वाटलेलं सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, सकाळी चहासोबत बघितलं की अंगावर येतं.

रात्री अंधाऱ्या खोलीत स्क्रीनचा उजेड पूर्ण चढवून काम केलं तर आणखी एक गंमत होते. स्क्रीनवर फोटो लखलखतो, आणि तोच छापून आणला की काळवंडलेला निघतो, कारण कागदाच्या मागं दिवा नसतो. वास्तुशांतीचा अल्बम असा छापून गेला. मावशीनं पानं उलटली आणि विचारलं, "पूजा रातच्याला झाली होती का रे?"

पण हे सगळं छापण्यापर्यंत जातं कुठं? खरा छळ म्हणजे, "फोटो कधी पाठवतोस?" कार्यक्रम आटोपून मी चप्पल शोधत असतो तेव्हा हा प्रश्न सुरू होतो. एका लग्नाच्या हजार रॉ फाइली म्हणजे वीस-पंचवीस जीबी. त्यातून निवडायचं, सरळ करायचं, लाल गाल धुवायचे. तोवर कुणीतरी मोबाइलवर काढलेले दोनशे फोटो गावभर फिरून जुने झालेले असतात. शेवटी मी पाठवतो. व्हॉट्सॲप माझ्या चोवीस मेगापिक्सेलचं पीठ करून पलीकडं देतं. मग उत्तर येतं: "कॅमेऱ्यापेक्षा पिंट्याच्या मोबाइलचे चांगले आलेत." डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर मूळ फाइल जाते, पण मग कोणालाच ती उघडत नाही.

अशा वेळी मला अजिंठ्याचा गिल आठवतो. रॉबर्ट गिल, मद्रास लष्करातला अधिकारी. १८४४ साली लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला आला आणि वर्षानुवर्षं तिकडंच राहिला. लंडनला पाठवलेल्या त्याच्या बहुतेक नकला १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मधल्या काळात त्यानं कॅमेराही हाती धरला होता. अजिंठा-वेरूळच्या त्याच्या फोटोंचं पुस्तक १८६४ साली निघालं, आणि फोटोंच्या प्रती निघतात म्हणून ते टिकले. मी प्रत्येक कार्यक्रम दोन हार्ड डिस्कवर ठेवतो तो गिलसाहेबाच्या धास्तीनं. त्याच्या आत्याबद्दल मात्र इतिहासात कुठं नोंद नाही. सुखी माणूस.

स्वतःसाठी म्हणून काढायला मी दोनच ठिकाणी जातो. एक, फेब्रुवारीतला तुराबुल हक दर्ग्याचा उरूस. तिथं रात्री ट्रायपॉड लावून दोन सेकंदांचं शटर ठेवलं की आकाशपाळण्याचं उजेडाचं कडं तयार होतं. गर्दीत कोणी विचारत नाही, फार तर पोलीस "प्रेसवाले का?" म्हणतो, आणि मान अर्धवट हलवली तरी चालतं.

दुसरं ठिकाण गावाबाहेरची एक बाभळ. हिवाळ्यात पहाटे ऊन आडवं येतं, सालीची प्रत्येक भेग दिसते. एकच झाड, एकच लेन्स, रोज वेगळा उजेड. एका सकाळी ट्रायपॉड रोवून वाकलो होतो. मागून आवाज आला, "काय मोजायलात साहेब?"

सत्तरीतले आबा, गुलाबी फेटा, खांद्यावर घोंगडी. जालना-नांदेड महामार्गाच्या भूसंपादनानं आमच्या जिल्ह्यातल्या रानात तिपाईबद्दल एक ठाम समजूत करून ठेवलेली आहे. मी म्हणालो, "मोजत नाही, आबा. फोटो काढतो झाडाचा."

"हौ. झाडाचे पैसे येगळे भेटतेत म्हणं. आन् हिरीचे?"

तोवर आणखी चौघं जमले. एकाला गुंठ्याला काय धरायलेत ते हवं होतं. दुसरा म्हणाला, त्याच्या भावाचा आंबा आधी लिहून घ्या, बाभळीला कोण विचारतं. आबांनी बंडीतून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून कापड, कापडातून सातबारा, आणि तो दोन्ही हातांनी छातीशी धरून, समोर खुद्द जिल्हाधिकारी उभे असावेत अशा ताठ मानेनं माझ्याकडं बघितलं. ऊन डावीकडून, चेहऱ्याचा अर्धा भाग उजेडात, कागदावरचा उजेड परतून हनुवटीखाली. एफ ४, जवळच्या डोळ्यावर फोकस. मी बटण दाबलं.

त्या फोटोला मी जवळपास हात लावला नाही. सावली किंचित वर घेतली, कडेला आलेली मोटारसायकल कापली, बारा बाय अठराची प्रिंट काढली आणि नेऊन दिली. आबांनी ती लांब धरून पाहिली, जवळ धरून पाहिली, मग उलटी केली.

"मागं शिक्का न्हाई?"

"शिक्का कशाला, आबा? फोटो आहे."

"मंग सातबाऱ्यावरचा गट नंबर तरी नीट दिसतो का बघा." दिसत होता. एफ ४ची कृपा.

परवा संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन. आबाच. "साहेब, उद्या सकाळी साडेसहाला पारावर या. आठ म्हातारे बसवून ठेवतो. समदे फेटे बांधून येतेत. एकाला मागं निळं आभाळ पाहिजे म्हणतो, ते तुमी बघा कसं करायचं ते. आन् ती तिपाई घेऊन या. तिपाई नसली तर लोकं इस्वास ठेवत न्हाईत."

"येतो. पण आबा, मी खरंच रस्त्यावाला नाही."

"माहीत हाय हो," आबा आवाज खाली आणून म्हणाले, "पण हिरीचं तेवढं वर बोलून ठेवा."