चित्रपट बंडलच होता, पार्किंग मिळालं नाही

चित्रपटाबद्दल मत द्यायचं तर आधी तो नीट बघावा लागतो, असा एक जुनाट समज आहे. तो सोडून द्या. मत ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच, ट्रॅफिकमध्ये, तयार होतं. पडद्यावर आपण फक्त पुरावे गोळा करायला जातो.

समजा, तुम्ही कासारवडवलीला राहता आणि रविवारचा सहाचा शो आहे. घरातून साडेपाचला निघा. (पावणेपाचला निघालात तर वेळेवर पोहोचाल आणि चित्रपट जसा आहे तसा दिसण्याचा धोका आहे.) मानपाड्याला गाडी थबकेल, कापूरबावडीला इंजिन बंद करून आजूबाजूच्यांची तोंडं बघता येतील. मग मॉलच्या तळघरात गोल गोल फिरा. खांबाआड जागा दिसेल, तिथे स्कूटर उभी असेल. हे सगळं उरकून, चार जणांच्या पायांवर पाय देत खुर्चीपर्यंत पोहोचाल तेव्हा नायकाचं बालपण संपून त्याला मिशा आलेल्या असतील. आता मागे रेला आणि शेजारच्याला ऐकू जाईल असं म्हणा, "व्यक्तिरेखा उभ्याच राहत नाहीत."

याला शास्त्राचा आधार आहे, घाबरू नका. १९८३ साली नॉर्बर्ट श्वार्ट्झ आणि जेराल्ड क्लोर यांचं एक संशोधन प्रसिद्ध झालं. अमेरिकेत लोकांना फोन करून विचारलं होतं, आयुष्यात समाधानी आहात का? छान ऊन पडलेल्या दिवशी लोक जास्त समाधानी निघाले, पावसाळी दिवशी कमी. (ठाण्यात हा प्रयोग मे महिन्यात केला असता तर उन्हाने शिव्याच खाल्ल्या असत्या.) पण खरी गंमत पुढे आहे. प्रश्नाआधी सहज, "काय, हवा कशी आहे तुमच्याकडे?" एवढं विचारलं की पावसाळी मंडळींची आयुष्याबद्दलची कुरकुर बरीचशी ओसरली. आपला जीव हवेमुळे कातावलाय, हे त्यांच्या लक्षात आलं.

यातून घ्यायचा धडा असा, की मध्यंतरात बायकोने "अहो, ट्रॅफिकमुळे वैतागलात का?" असं विचारलं तर साफ नाही म्हणा. एकदा का हो म्हणालात, की उत्तरार्ध बरा वाटायला लागेल आणि संध्याकाळ फुकट जाईल. राग दिग्दर्शकासाठी जपून ठेवा.

उलट, एखादा चित्रपट आवडून घ्यायचाच असेल, म्हणजे त्यात मेव्हण्याच्या मित्राने काम केलं असेल, तर आधी मामलेदारची तिखट मिसळ खाऊन जा. डोळ्यांत पाणी येतंच. ते अभिनयाच्या खात्यावर जमा करायचं.

बाहेर पडल्या पडल्या सोसायटीच्या ग्रुपवर पहिला शब्द तुम्ही टाका, आणि तो जड टाका. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची छोटी फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना धडकल्या तेव्हा वेग किती होता? काहींना विचारताना 'धडकल्या'च्या जागी चक्काचूर होण्याइतका दणकट शब्द वापरला. आठवड्याने प्रश्न आला, फुटलेली काच पाहिलीत का? दणकट शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण हो म्हणाले, साधा शब्द ऐकलेल्यांपैकी ७. फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती. तेव्हा 'ठीक आहे' वगैरे लिहू नका, 'डोक्याला शॉट' लिहा. आठ दिवसांत बी विंगमधल्या जोशीकाकूंनाही त्यात नसलेली तीन गाणी कंटाळवाणी वाटली होती असं आठवेल.

आता जुन्या चित्रपटांचं. इथे तर काहीच करावं लागत नाही, फक्त वय वाढू द्यायचं. माझंच घ्या. साखरपुडा झाल्यावर हिच्याबरोबर वंदना टॉकीजला गेलो होतो. चित्रपटाचं नाव सांगत नाही. शेवटी नायिका धो धो पावसात उभी असते आणि नायक छत्री मिटून तिच्याजवळ जातो. एक शब्द नाही, नुसता पाऊस. तीस वर्षं मी हा प्रसंग मुलांना सांगतोय आणि दर वेळी पुढे जोडतोय, "असे चित्रपट आता होत नाहीत."

गेल्या महिन्यात तो टीव्हीवर लागला. शेवट ठणठणीत कोरडा. भर उन्हात, कोर्टाच्या पायऱ्यांवर. मी चॅनेलवाल्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. कापतात मेले, जाहिराती घुसवायला!

ही मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "अहो, आपण कुठे पाहिला हा? हाउसफुल्ल होता. ब्लॅकवाल्याशी तुम्ही पाच मिनिटं हुज्जत घातलीत आणि मग आपण चालत तलावपाळीला गेलो. पाऊस तिथे आला. छत्री तुम्ही मिटलीत, उगाचच, आणि माझी नवी साडी भिजवलीत."

असेल. तरी त्या चित्रपटाला माझे साडेचार तारे. अर्धा तारा शेवट कापल्याबद्दल वजा.