फिर्यादी होऊ इच्छिणाऱ्यांसाठी काही सूचना

तुमची दुचाकी चोरीला गेली असेल तर चोर सापडू नये म्हणून आधी नवस बोला. चोर नाही सापडला तर पोलीस ‘अ’ समरी, म्हणजे ‘गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाही’ असा अहवाल, कोर्टात पाठवतात, विमा कंपनी कधीतरी पैसे देते आणि तुम्ही सुटता. सापडला तर मात्र खटला उभा राहतो आणि त्यात सगळ्यात जास्त तुम्ही अडकता. मागच्याच आठवड्यात मी तालुक्याच्या कोर्टात साक्ष द्यायला जाऊन आलो. म्हणजे नुसताच जाऊन आलो. त्यामुळे सल्ला ताजा आहे.

गाडीचा चासी नंबर पाठ करा. मुलांची नावं विसरलात तरी चालेल.

गाडी मिळाली म्हणून नाचू नका. आता ती तुमची गाडी नाही, मुद्देमाल आहे. ठाण्याच्या मागच्या आवारात ऊनपाऊस खात ती उभी राहील. जप्त वाहनं ठाण्यात सडवू नका, फोटो आणि पंचनामा करून लवकर परत द्या, असं सुप्रीम कोर्टाने गुजरातच्या एका प्रकरणात 2002 सालीच सांगून ठेवलंय. तरीही वकील लागतो, अर्ज लागतो, त्यावर सरकारी वकिलांचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, लागतो, बंधपत्र लागतं. मग सुपूर्तनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळायला म्हणून, गाडी हातात येते, ती अटींसकट: विकायची नाही, रंग बदलायचा नाही, कोर्ट म्हणेल तेव्हा हजर करायची. आरोपीही जामिनावर बाहेर, गाडीही. अटी गाडीला जास्त.

शेजाऱ्याला पंच व्हायला सांगू नका. पुढे हळदीकुंकवाची बोलावणी बंद होतात.

1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे आले, आता सगळं झटपट होणार, असं कुणी म्हणालं तर मान डोलवा. तुमची चोरी आधीची असेल तर ती जुन्याच दंड संहितेच्या कलम 379 मध्ये बसते. त्याला जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षं. माझ्या खटल्याने तेवढी कधीच भोगली.

आता साक्षीचा दिवस. आदल्या संध्याकाळी ठाण्यातून फोन येईल, ‘उद्या अकराला कोर्टात या.’ रजा टाका. ‘कशाला?’ असं साहेबांनी विचारलं तर आजी वारली म्हणा, कोर्टाचं नाव काढलं की लोक आपल्याकडेच संशयाने बघतात. अकराला पोहोचा, बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांच्या यादीत, आपला नंबर शोधा आणि बाकड्यावर बसा. जागा थोडी असल्यामुळे आरोपी तुमच्या शेजारीच बसेल. बिचारा सभ्य असतो. ‘आज साहेब आहेत ना?’ असं तोच तुम्हाला विचारेल. रिमांडवाले येतील, जामीनवाले येतील, चेक बाऊन्सवाल्यांचा तर लोंढाच येईल. दुपारी सरकारी वकील तुमचाच जुना जबाब हातात देतील आणि ‘वाचून ठेवा’ म्हणतील. तुम्ही वाचाल, पाणी प्याल, चासी नंबर पुटपुटाल. सुट्टी होईल. परत बसाल. अखेर चारच्या पुढे पुकारा होईल. तुम्ही उठाल, शर्ट नीट कराल, आणि आरोपीच्या बाजूने एक ज्युनियर उभा राहून अर्ज देईल: वरिष्ठ दुसऱ्या कोर्टात व्यस्त आहेत, मुदत मिळावी. सरकारी वकील मान वर करणार नाहीत. मिळाली मुदत. पुढची तारीख घ्या.

आता जरा ऐका. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 309, नव्या संहितेतलं 346. काढून वाचा. वकील दुसऱ्या कोर्टात आहे हे तहकुबीचं कारण होऊ शकत नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. साक्षीदार हजर असेल तर त्याची साक्ष घेतल्याशिवाय तहकुबी नाही, द्यायचीच तर खास कारणं लेखी नोंदवा, हेही लिहिलंय. नव्या संहितेने तर तहकुबींवर दोनची मर्यादाही घातलीय. तो ज्युनियर हे शिकूनच आला ना? सरकारी वकिलांना हे माहीत नाही? मग मी समोर उभा असताना एकानेही ‘साक्षीदार हजर आहे, सरतपास (सरकारी वकिलांनी घ्यायची साक्ष) तरी उरकून घेऊ’ एवढं का म्हणू नये?

बोर्ड लांब असतो, मान्य. न्यायाधीश कमी आहेत, तेही मान्य. दहा लाख लोकांमागे 50 न्यायाधीश हवेत हे विधी आयोगाने 1987 साली सांगितलं. पाच वर्षांत तेवढे करा, असं 2002 साली सुप्रीम कोर्टाने बजावलं. आज त्याच्या निम्मेही नाहीत. ती लाज सरकारची, आणि एकाच पक्षाच्या सरकारची नाही. पण माझा दिवस न्यायाधीश कमी होते म्हणून गेला नाही. न्यायाधीश समोर बसले होते, मी उभा होतो, आरोपी उभा होता, मुद्देमाल बाहेर स्टँडवर उभा होता. नव्हता तो फक्त एक माणूस, आणि त्याच्या सोयीसाठी आम्हा सगळ्यांना घरी पाठवलं. साक्षीदार फुटतात म्हणून नंतर गळे काढू नका. फुटत नाहीत ते, कंटाळतात. चार वेळा परत पाठवलेला माणूस पाचव्यांदा ‘मला काही आठवत नाही’ म्हणाला, तर ते त्याच्याकडून तुम्हीच वदवून घेतलेलं असतं.

हजर राहिला नाहीत तर वॉरंट निघेल, असा दम साक्षीदाराला पहिल्या फोनवरच मिळतो. गैरहजर वकिलाला कोण काय दम देतं, ते मला एकदा कळू दे.